भीमेच्या खोऱ्यातले वाटेकरी

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा तापायला लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : उजनी किती? उत्तर कधी ‘प्लस’मध्ये येतं, कधी ‘मायनस’मध्ये. धरण उणे कसं असू शकतं, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. इथल्या शाळकरी पोराला ते ठाऊक असतं. भीमेवरच्या उजनी धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी. त्यातलं जेमतेम ५४ टीएमसी पाणी उपयुक्त आणि उरलेला, निम्म्याहून मोठा भाग मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की धरण शून्यावर येतं आणि मृतसाठ्याला हात घातला की आकडा उणे होत जातो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा शंभर टक्के भरलं, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि उन्हाळ्यातला प्रश्न मागे पडला.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. एवढं पाणी कुठून आलं, कुणाकुणाच्या हातून गेलं, कुणाच्या शेतात जिरलं, कुणाच्या नळाला आलं आणि कुणाच्या वाट्याला आलंच नाही, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. आभाळाकडे पाहायचं आणि आकड्याकडे पाहायचं, एवढीच आपली सवय. या पुस्तकातले लेख त्यापलीकडे जाऊन बोलतात. नदीचं खोरं राखायचं तर त्या खोऱ्यातल्या माणसांनी एकमेकांशी कोणता करार करायचा, हा त्यांचा विषय आहे. मी ही प्रस्तावना लिहायला घेतली ती एका ठाम मतानं. सोलापूरकरांना एकत्र येऊन खणायला शिकवावं लागत नाही, ते आठशे वर्षांपासून खणत आले आहेत. खणून मिळालेलं पाणी वाटून कसं घ्यायचं, याची घडी मात्र अजून बसलेली नाही आणि ती बसवणं हेच यापुढचं खरं काम आहे.

आधी खोरं नीट डोळ्यांपुढे आणू या. भीमा भीमाशंकरला उगम पावते. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून ८६१ किलोमीटर वाहत जाऊन ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत सोलापूर जिल्हा लागतो. इथला सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही आणि त्यातला मोठा भाग परतीचा. म्हणजे सोलापूरच्या भीमेत वाहतं ते बहुतांशी दुसऱ्यांच्या डोंगरावरचं पाणी. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, कुकडी, घोड या साऱ्या नद्यांचं पाणी उजनीच्या वरच भीमेत येतं. त्यांच्यावर पुणे जिल्ह्यात धरणांची रांग आहे. मुळशीचं पाणी तर शंभर वर्षांपासून वीज करण्यासाठी सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं. उजनीच्या खाली नीरा-नरसिंगपूरला नीरा येते. साताऱ्यातल्या माण तालुक्यात उगम पावलेली माण नदी आटपाडी, सांगोल्यातून सरकोलीला भीमेत शिरते. नगरकडून आलेली सीना करमाळा, माढा, मोहोळ पार करून हत्तरसंग-कुडलला भीमेत मिसळते. कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख आहे. आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला हा लेख मराठीतला आद्य शिलालेख मानला जातो. त्या परिसरात अलीकडचा काठ महाराष्ट्राचा आणि पलीकडचा कर्नाटकाचा. बंधाऱ्यात अडलेलं पाणी मात्र दोघांचं एकच. खोऱ्याची सीमा तालुका, जिल्हा, राज्य यांपैकी कशाशीच जुळत नाही. आपल्या योजना मात्र या तिन्ही रेषांच्या आत आखल्या जातात.

एकत्र खणण्याची आपली परंपरा केवढी जुनी आहे हे सोलापुरात सांगायची गरज नसावी. शहराच्या मधोमध सिद्धेश्वराचं तळं आहे. बाराव्या शतकात सोन्नलगी नावाच्या गावात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन ते खणलं. दुष्काळी मुलखात तळं खणणं हेच शिवपूजन, अशी त्यांची धारणा. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात त्या काळचा प्रसंग आला आहे. शरण संत अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात. तळ्याचं काम चालू असतं. ते सिद्धरामांना मातीकाम करणाऱ्यांचा, वडरांचा राम म्हणून पुकारतात आणि या सगळ्या खोदकामातून आत्मज्ञानाचं काय साधलं, असा खडा सवाल करतात. पुढे सिद्धराम कल्याणला बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात जातात, ही कथा सर्वांना माहीत आहे. मला त्या प्रसंगातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्या नावानं सिद्धरामांना टोमणा मारला गेला, तो वडार समाज आजही त्यांना आपला गुरू मानतो. तळ्याची माती कुणाच्या पाट्यांतून बाहेर पडली हे तो समाज विसरलेला नाही. पाणलोटाच्या कामांवर लिहिताना आपण गावाचं नाव घेतो, पुढाऱ्याचं घेतो, अधिकाऱ्याचं घेतो. ज्यांच्या टिकाव-फावड्यानं काम झालं आणि ज्यांना बहुधा त्या पाण्याचा थेंबही शेतात घेता येत नाही, कारण शेतच नाही, त्यांची नावं लिहीत नाही.

सिद्धेश्वराचं तळं लोकांचं होतं. त्यानंतरच्या काळातली मोठी कामं सरकारची झाली. इंग्रजी अमदानीत शहराच्या उत्तरेला अदिला नदीवर एकरुख तलाव झाला, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. पडलेला पाऊस जमिनीतच मुरवायचा, बांध घालायचे, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची, हे त्याचं सूत्र. पुढे १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानं बांधबंदिस्तीची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. तंत्र म्हणून ती चुकीची नव्हती. पण हे बांध ज्या समपातळीच्या रेषेवर घालायचे, ती शेतकऱ्याच्या वहिवाटीला विचारून जात नाही. ती एकाच्या रानातून शिरून दुसऱ्याच्या रानातून निघते. वरच्याच्या शेतात पाणी तुंबतं, खालच्याची माती वाचते. दोघांना समोरासमोर बसवून हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मग अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी ते बांध फोडले, नांगरून टाकले, किंवा सरकून सरकून स्वतःच्या हद्दीवर आणले. अधिकारी त्याला अडाणीपणा म्हणाले. मला तो अडाणीपणा वाटत नाही. ज्याच्या जमिनीवर काम करायचं त्याला निर्णयात घेतलं नाही, तर तो काम संपल्यावर स्वतःचा निर्णय घेतो.

१९७२च्या दुष्काळाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थोडक्यात पुरे. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, तगाई, आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना. जिल्ह्यातले किती तरी पाझर तलाव त्या हातांनी झाले. पण ती मजुरी होती. तलाव झाल्यावर त्याचा मालक कोण, गाळ कुणी काढायचा, खालच्या विहिरींना पाणी वाढलं तर तिथे कोणतं पीक घ्यायचं, हे मजुरांना विचारलं गेलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

याच दुष्काळानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांना कामाला लावलं. नायगाव पुणे जिल्ह्यात असलं तरी कऱ्हेच्या खोऱ्यात आहे. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा भीमेला. म्हणजे पाणी पंचायतीचा प्रयोग आपल्याच खोऱ्यात झाला आणि आपण तो जणू परमुलखातला असल्यासारखा वाचतो. साळुंखे व्यवसायानं अभियंते, कारखानदार. त्यांनी माती-पाण्याचं काम केलंच, पण त्यांचं मोठेपण नियमांत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस, केळी यांसारखी पिकं घ्यायची नाहीत. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. भागीदारी म्हणजे काय, हे ज्याला नेमकं जाणून घ्यायचं आहे त्यानं एवढेच नियम पुन्हा पुन्हा वाचावेत. त्यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी सोयीवर बंधन घालतो आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाला तरी पाणी मिळतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं महाराष्ट्रातल्या दुष्काळी तालुक्यांत जे वातावरण तयार केलं, ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. एप्रिल-मेमधले ४५ दिवस, आधी गावकऱ्यांचं प्रशिक्षण, मग माथा ते पायथा काम : डोंगरावर सलग समतल चर, खाली बांधबंदिस्ती, ओढ्यावर माती नाला बांध, शेततळी. २०१९ मध्ये राज्यात पहिला क्रमांक बार्शी तालुक्यातल्या सुर्डीनं मिळवला. बार्शीचं पाणी बरंचसं भोगावतीतून सीनेत आणि सीनेतून भीमेत जातं. म्हणजे सुर्डीच्या माळावर मुरलेलं पाणी हे भीमेच्या खोऱ्याच्या ताळेबंदात जमा झालेलं पाणी आहे. त्याही पलीकडे, एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं एका चरात उतरली, बायका टिकाव घेऊन पुढे आल्या, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं सुट्टी काढून आली. ज्यांनी कधी नकाशा पाहिला नव्हता त्यांनी ए-फ्रेम हातात घेऊन समपातळी काढली. १९४२ ला जी रेषा अधिकाऱ्यानं आखली होती, ती आता गावानं स्वतः आखली. हा फरक फार मोठा आहे.

पण चर भरल्यावर काय, हा प्रश्न राहतोच. भूजल वाढलं की आधी कुणाचा पंप चालू होतो? ज्याच्याकडे जास्त खोल बोअर घ्यायला पैसे आहेत त्याचा. श्रमदान सगळ्यांचं आणि उपसा मोजक्यांचा, असं होऊ लागलं तर पुढच्या वर्षी टिकाव उचलायला कोण येईल? आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. त्यातलं पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरांत साठतं आणि या थरांना शेजाऱ्याचा बांध कळत नाही. एकाच्या बोअरनं दुसऱ्याची विहीर कोरडी पडते, हे सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांइतकं कुणाला कळणार? टँकरनं बागा जगवण्याचे उन्हाळे त्यांनी काढले आहेत. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं यावर उत्तर काढलं. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथे दरवर्षी पावसाचं पाणी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे, उसाला बंदी आहे. चरांचे फोटो सगळे काढतात, हिवरे बाजारच्या ग्रामसभेचे कुणी काढत नाही. २०२० पासून आलेल्या अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्हाही होता आणि त्यातून ताळेबंद मांडायची रीत इथल्या काही गावांत पोचली. गाव स्वतःचं पाणी मोजतं तेव्हा भांडण संपत नाही, पण ते निदान आकड्यांवर येतं.

उसाचं बोलायलाच हवं. एवढ्या कमी पावसाच्या या जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगानं १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितलं होतं. तरीही मी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोषी धरायला तयार नाही. उसाला कायद्यानं ठरलेला दर आहे, दारात तोड येते, पाण्याचा एखादा ताण पीक सोसतं, घरात लग्न असेल तर कारखान्यावर उचल मिळते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुकही झालं. पण ज्वारी काढायला माणूस मिळत नाही आणि बाजारात भाव कोसळला तर पाठीशी उभं राहायला कुणी नाही. कमी पाण्याच्या पिकाला उसाइतकी हमी मिळाली तरच पीकबदलावर बोलण्यात अर्थ आहे. खोऱ्याच्या भागीदारीत कारखाना, बाजार समिती आणि सरकारची खरेदी यंत्रणाही बसवावी लागेल. एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणावर ते ओझं टाकता येणार नाही.

भागीदारी रोजच्या कामात कशी दिसते, याचं या खोऱ्यातलं माझ्या मते सर्वांत चांगलं ठिकाण म्हणजे कोल्हापुरी बंधारा. भीमेवर आणि सीनेवर असे बंधारे ओळीनं आहेत. पावसाळा सरताना त्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकायचे, पावसाळ्याआधी काढायचे, एवढंच काम. पण बर्गे कधी टाकायचे? लवकर टाकले आणि परतीचा मोठा पाऊस आला तर पाणी बाजूनं फुटतं आणि काठाची रानं वाहून जातात. उशिरा टाकले तर पाणी निघून जातं आणि हिवाळ्यातच नदीचं पात्र उघडं पडतं. बर्गे गंजतात, चोरीला जातात, गळतीला रबर लागतं. वरच्या गावानं अडवलं की खालचं गाव रात्री जाऊन काढतं. ज्या ठिकाणी काठची गावं मिळून दोन माणसं नेमतात, त्यांना मेहनताना देतात, तारीख एकत्र ठरवतात, तिथे तोच बंधारा जास्त दिवस पाणी धरतो. सिमेंट तेच, नदी तीच, बदल फक्त माणसांच्या ठरावात.

असे ठराव टिकवायला काय लागतं, हे दूरच्या एका उदाहरणातून दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८६ मध्ये शेतकऱ्यांची संघटना आणि राज्य सरकार एकत्र आले आणि ‘लँडकेअर’ची चळवळ सुरू झाली. शेजारच्या शेतकऱ्यांचे गट करून जमिनीची धूप आणि क्षार यांवर काम करायचं, असं तिचं रूप. तिथल्या अनुभवातून एक गोष्ट आपण उचलावी. गटांची कामं सांभाळायला तिथे पगारी समन्वयक नेमले गेले. आपण श्रमदानाचा सन्मान करतो आणि पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या, बैठका बोलावणाऱ्या, भांडणं सोडवणाऱ्या माणसानं ते फुकट आणि जन्मभर करावं अशी अपेक्षा धरतो. तो थकला की काम थांबतं.

जमिनीचा विषय निघाला की आपण शेतजमिनीबद्दल बोलतो आणि माळ विसरतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. पक्षी आता जवळजवळ नाहीसा झाला, पण माळाचं गवत पाण्यासाठीही तितकंच मोलाचं आहे. पाऊस पहिल्यांदा तेच झेलतं. चराईबंदी हा आदर्श गावाचा एक स्तंभ. तो नियम करताना धनगरवाड्यावर जाऊन विचारणारी गावं मात्र थोडी. सांगोला, मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हा माळ ओळखतो. कोणत्या महिन्यात कोणता भाग मोकळा ठेवायचा हे त्याच्याशी बसून ठरवता येतं. त्याला बाहेर ठेवून केलेली बंदी रात्रीची मोडली जाते. उजनीतल्या भोई समाजाबद्दलही हेच. पाण्याचा रंग हिरवा झाला, जलपर्णी वाढली, जाळ्यात चिलापीशिवाय काही येईना, हे सगळ्यांत आधी त्यांना दिसतं. त्यांना पाणी वाटपाच्या बैठकीत खुर्ची नाही.

ती हिरवी घाण कुठून येते हे गुपित नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून उजनीत येतं आणि तेच पाणी सोलापूर पितं, पंढरीची चंद्रभागा तेच वाहते. राज्य सरकारनं २०१६ मध्ये नमामि चंद्रभागा अभियानाची घोषणा केली, पण पंढरपूरच्या घाटावर केलेली सफाई वाघोलीच्या नाल्याला पोचत नाही. सोलापूर शहरही निर्दोष नाही. वर्षानुवर्षं शहरासाठी नदीतून पाणी सोडलं गेलं, ते शहरासाठी जिथून उचललं जातं त्या टाकळीला पोचेपर्यंत शहराला हवं त्याच्या कित्येक पट धरणातून गेलं. आणि तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्या सोडलेल्या पाण्यावर काठची शेती जगली हेही खरं. म्हणून उजनीहून शहरापर्यंतची थेट जलवाहिनी हा शहराचा फायदा आणि काठच्या गावांचा तोटा ठरतो. असा प्रश्न आकडे उघडे ठेवून समोरासमोर बसल्याशिवाय सुटत नाही.

आणि पाणी नेहमी कमीच असेल असंही नाही. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या पुरानं माढा, मोहोळ, करमाळ्याची गावं बुडवली, मातीचा वरचा थर खरवडून नेला. ज्या शेतकऱ्यानं उन्हाळ्यात टँकर पाहिला त्यानं त्याच वर्षी घरात शिरलेली नदी पाहिली. पात्रातली वाळू उपसलेली, ओढ्यांवर अतिक्रमण झालेलं, वरच्या धरणांच्या विसर्गाची वेळ खालच्या गावाला उशिरा कळलेली. दुष्काळाची समिती वेगळी, पुराची वेगळी. नदी एकच.

कायद्यांची आपल्याला कमतरता नाही. २००५ मध्येच जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा असे दोन कायदे झाले. पाणीवापर संस्थांना मोजून पाणी द्यायचं, कालव्याच्या शेवटच्या टोकापासून (टेल) सुरुवातीकडे (हेड) पाणी द्यायचं, हे त्यातून अपेक्षित होतं. नाशिकच्या ओझर भागात वाघाडच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं. कृष्णा-भीमेच्या तेरा दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांनी आटपाडीच्या पाणी संघर्ष परिषदेतून समन्यायी वाटपाचा आग्रह तीन दशकं धरला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांनी तो विषय जिवंत ठेवला. राजस्थानात अरवरी नदीच्या काठच्या गावांनी १९९९ मध्ये स्वतःची नदी संसद बसवली आणि जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत असं आपणच ठरवलं. अरवरी लहान नदी आहे. भीमेसाठी असं एकच सभागृह करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण माणेसाठी करता येईल. भोगावतीसाठी येईल. महूदकडून पंढरपूर तालुक्यात येणाऱ्या कासाळ ओढ्यासाठी काठच्या गावांनी एकत्र येऊन काम केलंच आहे. उपनद्यांपासून सुरुवात केली तर भीमेपर्यंत जाण्याचा रस्ता निघेल.

उजनीच्या रब्बी आवर्तनाचा निर्णय दरवर्षी पावसाळा संपल्यावर कालवा सल्लागार समितीत होतो. त्या बैठकीत आज लोकप्रतिनिधी असतात, अधिकारी असतात. तिथे गावांचे पाण्याचे ताळेबंद ठेवले जावेत, बंधाऱ्यावरच्या गावांचा एक माणूस, मच्छीमारांचा एक, भूमिहीनांचा एक, आणि चार दिवसांनी पाणी भरणाऱ्या सोलापूरच्या वस्तीतली एक बाई बसावी, एवढी मागणी या पुस्तकातल्या सगळ्या लेखांतून माझ्यापुरती निघते. ती मागणी ग्रामसभेच्या ठरावानं जावी लागेल. म्हणून वाचकांना, विशेषतः सरपंच, शिक्षक आणि बचत गटाच्या बायकांना माझी विनंती आहे की हे लेख ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी वाचून व्हावेत, त्यातले नियम आपल्या गावाला लावून पाहावेत, जे लागू होत नाहीत ते खोडावेत आणि उरलेल्यांवर सह्या घ्याव्यात.